न भिजणारा गणपती

तिरुवलंचुळीच्या देवळात गणपतीला पाणी घालत नाहीत. दूध, पंचामृत, तेल, उटणं यांतलं काही नाही. पुजारी मूर्तीला हात लावत नाहीत, गंध लावत नाहीत, फूल वाहतानाही ते अंगावर ठेवत नाहीत. कुंभकोणम् गावातून तंजावरच्या रस्त्याने पश्चिमेला सहा किलोमीटर गेलं की हे देऊळ लागतं. कागदोपत्री ते कपर्दीश्वराचं, म्हणजे शंकराचं आहे. अप्पर आणि संबंदर या दोन शैव संतांनी त्याच्यावर पदं रचली, तीही शंकरावरच. पण रस्त्यावर कोणालाही विचारा, तो ‘वेळ्ळै पिळ्ळैयार’चं देऊळ म्हणूनच दाखवील. वेळ्ळै म्हणजे पांढरा, आणि पिळ्ळैयार म्हणजे ‘बाळ’ या शब्दाला आदराचा प्रत्यय लावून तमिळने गणपतीला दिलेलं नाव. मूर्ती वीत-दीडवीत उंचीची. कथा सांगते की ती समुद्राच्या फेसाची आहे. देवांनी गणपतीला न पुजता समुद्रमंथन आरंभलं, हलाहल वर आलं, चूक लक्षात आली आणि हाताशी दुसरं काहीच नव्हतं म्हणून मंथनातल्या फेसाचाच गणपती करून त्यांनी तो पुजला. या मूर्तीवर चढतो तो फक्त कुटलेला भीमसेनी कापूर. चिमटीने वरून भुरभुरायचा, बोट टेकू द्यायचं नाही. कापूर ओघळत नाही, थर धरत नाही, वितळण्याच्या भानगडीत न पडता तसाच हवेत उडून जातो. आपल्याकडे शेंदूर आणि तेल यांची पुटं चढत चढत देवाचे मूळ अवयव बुजून जातात आणि कधीतरी ते कवच आपोआप गळून पडतं. मोरगावच्या मूर्तीबद्दल अशी आठवण सांगितली जाते. वलंचुळीचा देव वाढतही नाही, झिजतही नाही.

मराठी वाचकाला ही गोष्ट चमत्कारिक वाटावी अशी आहे. आपल्या मनात गणपती आणि पाणी यांची जोडी इतकी घट्ट आहे की पाण्यात न जाणारा गणपती डोळ्यांपुढे यायलाच वेळ लागतो. भाद्रपदात तो घरी येतो तो पाण्यात जाण्यासाठीच. अष्टविनायकांतल्या महडच्या देवाची मूर्ती तळ्यात सापडली असं सांगतात. मोरया गोसावींना चिंचवडची मूर्ती कऱ्हेच्या पात्रात मिळाली अशी परंपरा आहे. म्हणजे आपला गणपती पाण्यातून वर येतो आणि पाण्यात परत जातो. कुंभकोणम् तर आपल्या कोणत्याही गणेशक्षेत्रापेक्षा जास्त पाण्यात बुडालेला मुलूख आहे. गावाच्या उत्तरेला कावेरी, दक्षिणेला अरसलार, थोडं वर कोळ्ळिडम, आणि मधल्या जमिनीत पाटांचं आणि चाऱ्यांचं जाळं. अशा ठिकाणी सगळ्यांत मानाचा गणपती कोरडा का ठेवला असेल? त्याचं उत्तर फेसाच्या कथेत आहे तितकंच भूगोलात आहे. कावेरीच्या खोऱ्यात गणपतीला पाण्याच्या राखणदारीचं काम मिळालं, आणि जिथे दगड नाही तिथे नदीने आणून टाकलेल्या नाशवंत पदार्थातच देव पाहावा लागला. या दोन गोष्टी एकत्र आल्या की न भिजणारा गणपती तयार होतो. आपण सह्याद्रीच्या काळ्या दगडावर राहतो आणि मातीचा गणपती विरघळवतो. ते गाळाच्या जमिनीवर राहतात आणि फेसाचा गणपती विरघळू देत नाहीत.

आधी दगडाचा मुद्दा. तंजावर-कुंभकोणम् पट्ट्यात जमीन खणली तर गाळ, वाळू आणि चिकणमाती लागते. बांधकामाचा दगड लागत नाही. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेल्या तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात सुमारे १,३०,००० टन ग्रॅनाइट असल्याचा अंदाज दिला जातो, आणि तो सगळा बाहेरून वाहून आणलेला आहे. त्या मंदिराचा दबदबा निम्मा उंचीचा असेल, तर निम्मा या वाहतुकीचा. त्याआधीची या भागातली बहुतेक देवळं विटांची होती. दहाव्या शतकात गंडरादित्य चोळाची विधवा राणी सेंबियन महादेवी हिने अशी अनेक विटांची देवळं दगडात बांधून घेतली. खोऱ्याच्या शिल्पकलेच्या इतिहासात तिचं नाव मोठ्या मानाने घेतलं जातं ते त्यामुळेच. देऊळ दगडाचं झालं तरी आतला देव प्रत्येक वेळी बदलला गेला नाही. कुंभकोणम्‌चं ग्रामदैवत आदी कुंभेश्वर घ्या. प्रलयात वाहत आलेला अमृताचा कुंभ शंकराने किराताच्या रूपात बाण मारून फोडला, आणि सांडलेलं अमृत वाळूत कालवून स्वतः लिंग केलं, ही गावाच्या नावामागची कथा. त्या लिंगालाही पाण्याचा अभिषेक होत नाही. जवादी मांजराच्या सुगंधी द्रव्याचा लेप लावतात. कावेरीच्याच बेटावर श्रीरंगमचा पहुडलेला रंगनाथ चुना आणि इतर द्रव्यांच्या गिलाव्याचा आहे. त्यालाही न्हाऊ घालत नाहीत, सुगंधी तेलाचा लेप देतात. तमिळ देवळांत हा ठरलेलाच संकेत आहे: दगडाच्या मूळ मूर्तीला स्नान, चुन्याच्या किंवा लाकडाच्या मूर्तीला लेप. वाळू, चुना, फेस हे तिन्ही पदार्थ पाणी घेऊन येतं आणि पाणीच घेऊन जातं.

इथे पहिला आक्षेप येतो. मग हा निव्वळ पदार्थाचा नियम झाला. मूर्ती ठिसूळ म्हणून भिजवत नाहीत, त्यात गणपतीचं विशेष ते काय? आक्षेप निम्मा बरोबर आहे आणि तो मान्य केल्याने मुद्दा उलट बळकटच होतो. वलंचुळीचे सगळे निषेध एका जागी मांडले तर ते एखाद्या संग्रहालयाच्या नियमावलीसारखे दिसतात: हात लावू नका, ओलं करू नका, तेलकट करू नका, उडून जाईल असंच द्रव्य वापरा. पण ठिसूळ मूर्ती टिकवण्याची ही दगदग करायची कशाला, हा प्रश्न शिल्लक राहतो. ज्यांनी हजारो टन ग्रॅनाइट आणला, त्यांना वीतभर दगडाचा गणपती जड नव्हता. याच वलंचुळीच्या आवारात राजराजाची राणी दंतिशक्ति विटंकी, म्हणजेच लोकमहादेवी, हिने क्षेत्रपालाचं दगडी देऊळ उभारलं. पांढऱ्या गणपतीच्या पुढची दगडी जाळी तर इतकी बारीक आहे की पूर्वी पाथरवट कामाचा करार करताना ‘वलंचुळीची जाळी सोडून काय हवं ते करू’ अशी अट घालत, असं सांगतात. लाकडात किंवा हस्तिदंतात कोरावी तशी ती ग्रॅनाइटमध्ये कोरली आहे. म्हणजे गाभाऱ्यासमोर दगडाची कमाल आणि गाभाऱ्यात फेसाची मूर्ती. हातात दगड असूनही देव न बदलण्याचा हा निर्णय आहे. दगड सत्तेसोबत आला; फेस, वाळू आणि चुना त्याआधीचे. त्या आधीच्या श्रद्धेची खूण जपायची तर तिला पाण्यापासूनच जपावं लागणार होतं.

आता दुसरा मुद्दा, राखणदारीचा. कावेरीच्या काठच्या गणपतीच्या कथा सुट्या ऐकल्या तर प्रत्येक क्षेत्राच्या माहात्म्याच्या वाटतात. नदीच्या प्रवाहाच्या क्रमाने मांडल्या की त्यांचा रोख कळतो. पहिली उगमाची. अगस्त्याने कावेरीला कमंडलूत कोंडून ठेवलं होतं. गणपती कावळा होऊन कमंडलूच्या काठावर बसला, तो कलंडला आणि नदी वाहू लागली. दुसरी श्रीरंगमची. बिभीषण रंगनाथाची मूर्ती लंकेला नेत होता. गणपती गुराख्याचा पोर होऊन आला आणि त्याने ती कावेरीच्या वाळूत टेकवली, ती कायमची. संतापलेला बिभीषण पोराच्या मागे लागला, पोर पळत जाऊन तिरुचिरापल्लीच्या कातळावर बसलं, तो उच्चि पिळ्ळैयार. कोकण-गोव्याच्या वाचकाला ही कथा लगेच ओळखू येईल. गोकर्णात हाच पोर रावणाचं आत्मलिंग जमिनीवर टेकवतो. तिसरी वलंचुळीची. वलम म्हणजे उजवं, चुळी म्हणजे वळसा किंवा भोवरा. कावेरी इथे उजवीकडे वळून एका विवरात गडप झाली आणि हेरंड ऋषींनी त्या विवरात स्वतःला झोकून दिल्यावरच पुन्हा वर आली असं स्थळपुराण सांगतं. इंद्राने फेसाचा गणपती इथेच क्षणभर खाली ठेवला आणि परत येऊन उचलू गेला तर तो हलेना. चौथी कथा तिरुप्पुरंबियमची: तिथल्या गणपतीने प्रलयाचं पाणी एका विहिरीत कोंडलं.

या चार जागा कालव्यांच्या नकाशावर ठेवून पाहा. पहिली उगमाची, पाणी सोडण्याची. दुसरी बरोबर तिथली जिथे नदी दुभंगते: श्रीरंगमच्या वर मुक्कोंबूला कावेरीचे दोन फाटे होतात, उत्तरेचा कोळ्ळिडम उताराचा, पूर वाहून नेणारा, दक्षिणेचा कावेरीचा, शेताला पाणी देणारा. करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जाणारा कल्लणै बंधारा याच बेटाच्या शेपटाशी आहे, आणि ऑर्थर कॉटनने १८३६ मध्ये वरचा बंधारा घातला तोही याच दुभंगाच्या तोंडाशी, कारण पाणी उताराच्या फाट्याने निघून जात होतं आणि शेताचा फाटा आटत होता. तिसरी जागा वळणाची, जिथे नदी पात्र बदलते किंवा वाळूत जिरते. चौथी पुराच्या फाट्याच्या अंगाला. सोडणं, वाटणं, वळवणं, थोपवणं: आपल्या कालव्यांवर पाटकरी ही चार कामं करतो. तोच दार उचलतो, कोणाच्या चारीला किती वेळ पाणी ते ठरवतो, फुटलेल्या बांधाकडे धावतो. कावेरीच्या काठी हे काम पोराच्या, कावळ्याच्या, गुराख्याच्या रूपात फिरणाऱ्या गणपतीकडे गेलं आहे. कुंभकोणम् या व्यवस्थेच्या मध्यावरचं गाव; त्याच्या पुढे, समुद्राकडे, ‘टेल’ लागतो. टेलच्या शेतकऱ्याला पाटकऱ्याची किंमत सगळ्यांत जास्त कळते, हे अहिल्यानगर-सोलापूरच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

यांतलं तिरुप्पुरंबियम थोडं थांबून पाहण्याजोगं आहे. कुंभकोणम्‌च्या वायव्येला, कोळ्ळिडमच्या बाजूला हे गाव आहे. इतिहासाच्या पुस्तकांत ते एका लढाईसाठी येतं: नवव्या शतकाच्या अखेरीस पल्लव अपराजित आणि त्याच्या बाजूचा आदित्य चोळ यांनी इथे पांड्य वरगुणाचा पराभव केला, गंग राजा पृथ्वीपती त्यात पडला आणि विजयाचं फळ पल्लवांपेक्षा चोळांच्याच पदरात पडलं. पण गावकऱ्यांच्या लेखी गाव आहे ते प्रलयाच्या ‘बाहेर’ राहिलेलं. साक्षीनाथाच्या देवळात ‘प्रळयम् कात्त विनायकर’, म्हणजे प्रलय राखलेला विनायक आहे. त्याने सात समुद्रांचं पाणी जिथे अडवलं ती सप्तसागर विहीर जवळच दाखवतात. मूर्ती वरुणाने शंख, शिंपले आणि फेस यांची घडवली अशी श्रद्धा. हिलाही वर्षभर अभिषेक नाही. फक्त विनायक चतुर्थीच्या रात्री मधाचा अभिषेक सुरू होतो तो रात्रभर चालतो, आणि मूर्ती तो मध शोषून घेते, तिला तांबूस छटा चढते, असं भाविक सांगतात. शिंपल्याचा चुना सच्छिद्र असतो, त्यामुळे शोषणाचं नवल वाटायचं कारण नाही. लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे: प्रलय अडवणाऱ्या देवाला पाणी नको आणि मध चालतो. मधही प्रवाही आहे, पण तो वाहून नेत नाही, चिकटतो, टिकतो. ज्याने पाण्याला धरून ठेवलं, त्याला धरून ठेवणारंच द्रव्य द्यायचं, हा विधी कोणीतरी विचार करून बसवलेला दिसतो.

पाटकऱ्याची दुसरी जबाबदारी पिकाची, आणि तीही इथल्या गणपतींकडे आहे. कुंभकोणम्‌मध्ये आदी कुंभेश्वराच्या जवळ ‘करुंबायिरम पिळ्ळैयार’ आहे. करुंबु म्हणजे ऊस, आयिरम म्हणजे हजार. उसाच्या गाड्या घेऊन मुक्कामाला थांबलेल्या व्यापाऱ्याकडे एका पोराने एक कांडकं मागितलं. व्यापारी म्हणाला, हा ऊस नव्हे, बेचव बोरू आहे. सकाळी सगळ्या मोळ्या खरोखरच बोरूच्या झाल्या. शरण आल्यावर त्या पुन्हा उसाच्या झाल्या. पाणी सगळ्यांत जास्त पिणारं पीक, त्यावर जमलेला पैसा, आणि वाटा मागणारं पोर: पश्चिम महाराष्ट्रात ही कथा सांगितली तर तिला तळटीप लागणार नाही. केळीचा दाखला याहून पक्का आहे, कारण तो दगडात कोरलेला आहे. बृहदीश्वराच्या शिलालेखांत राजराजाने ‘पिळ्ळैयार गणपतियार’ यांना रोज दीडशे केळी मिळावीत म्हणून ३६० कासू ही नाणी तंजावरच्या बाजारपेठांतल्या व्यापाऱ्यांकडे व्याजाने ठेवल्याची नोंद आहे. दर साल दर कासूला अष्टमांश कासू व्याज, म्हणजे वर्षाला ४५ कासू. एका कासूला बाराशे केळी. ३६० दिवसांच्या वर्षात ५४,००० केळी. हिशेब एका केळ्याचाही चुकत नाही. गणपती या मंदिरात मुख्य देव नाही, परिवारदेवता आहे. तरी त्याच्यासाठी राजाने बाजाराला बांधून घेतलं, आणि नैवेद्य निवडला तो खोऱ्याच्या ओल्या जमिनीचाच.

गंभीर आक्षेप पुढे आहे. स्थळपुराणं ही उशिराची रचना. बरीचशी विजयनगर आणि नायकांच्या काळातली किंवा त्याहून अलीकडची. त्यांच्यावरून ‘गणपती पाण्याचा राखणदार’ असं काही सिद्ध होत नाही; कथा जुळवून अर्थ काढणं सोपं असतं. हे खरं आहे, आणि म्हणूनच या कथांतून प्राचीन इतिहास काढायचा मोह टाळायला हवा. पण लोकांना कशाची धास्ती होती, हे त्या नक्की सांगतात. ज्या खोऱ्यात जुलै १९२४ सारखे महापूर आले, आणि ज्याच्या वरच्या अंगाला १९२५ ते १९३४ या काळात मेट्टूरचं धरण बांधावं लागलं, तिथे प्रलयाची विहीर आणि गडप होणारी नदी या कल्पना हवेतून आलेल्या नाहीत. शिवाय कथांच्या बाहेरचाही एक पुरावा आहे. कुंभकोणम्‌च्या ईशान्येला तिरुविडैमरुदूर हे महालिंगस्वामींचं क्षेत्र. शैव परंपरा सगळा चोळदेशच या गाभाऱ्याभोवतीचं एक देऊळ मानते: नटराज चिदंबरमला, भैरव शीरकाळीला, दक्षिणामूर्ती आलंगुडीला, नंदी तिरुवावडुदुरैला, नवग्रह सूर्यनारकोविलला, मुरुगन स्वामीमलैला. आणि विनायक वलंचुळीला. शिवालयाच्या आवारात गणपतीची जागा नैर्ऋत्येची. तिरुविडैमरुदूरहून वलंचुळी त्याच बाजूला पडतं. कोणी म्हणेल, ही आगमाची ठरीव दिशा आहे, तिचा पाण्याशी संबंध नाही. असेलही. पण कावेरी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. महालिंगाच्या त्या विराट आवारात पाणी ज्या अंगाने आत शिरतं, त्या वेशीवर गणपती बसलेला आहे.

तिसरा आक्षेप अभ्यासू वाचक घेतील: गणपती मुळात तमिळ देशाचा नव्हेच, तो चालुक्यांच्या वातापीहून, म्हणजे आपल्या शेजारच्या बदामीहून लुटीत आला, मग कावेरीशी त्याचं नातं जोडणं म्हणजे नंतरचं कलम झालं. ६४२ च्या सुमारास पल्लव नरसिंहवर्म्याच्या सैन्याने बदामी जिंकली, सेनापती परंजोती नंतर शिरुत्तोंडर नावाने शिवभक्त झाला, आणि त्याने तिथला गणपती आपल्या तिरुचेंगाट्टांगुडीला नेला, अशी ती कथा. तिरुवारूरच्या मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या (१७७५–१८३५) हंसध्वनी रागातल्या कृतीमुळे वातापीचा गणपती कर्नाटक संगीताच्या प्रत्येक मैफलीत पोचला. पण शिरुत्तोंडराचं चरित्र सांगणारं बाराव्या शतकातलं पेरियपुराण वातापीची मोहीम आणि तिथली लूट सांगतं, तरी गणपतीच्या मूर्तीबद्दल चकार शब्द काढत नाही. म्हणजे लुटीची कथाही स्थळपुराणांइतकीच उशिराची असावी. एकीला कलम म्हणायचं तर दुसरीलाही म्हणावं लागेल. त्याहून मोठी गोष्ट ही की देव कुठून आला यावरून तो काय झाला हे ठरत नाही. दक्षिणेतल्या पाणवठ्यावर, तळ्याच्या बांधावर, पिंपळाखाली बसलेला पिळ्ळैयार बदामीहून आला असो वा नसो, त्याला तिथे बसवलं पाण्याकडे तोंड करून. कुंभकोणम्‌च्या भगवत् घाटावरचा विनायक असाच नदीकाठचा आहे. आईच्या अस्थी जिथे फुलं होतील तिथेच विसर्जन करायचं म्हणून भगवर ऋषी निघाले. ती फुलं झाली कुंभकोणम्‌च्या काठी, पण पाहिली शिष्याने. गुरू काशीला जाऊन परत इथेच आले. पाण्यात काय सोडावं आणि कुठे सोडावं, याचा साक्षीदारही इथे गणपतीच आहे.

मराठी माणसासाठी आणखी एक प्रश्न उरतो. १६७६ च्या सुमारास व्यंकोजी भोसल्यांनी तंजावर घेतलं, आणि १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीच्या मृत्यूपर्यंत हा मुलूख मराठी राजांच्या छायेत राहिला. कुंभकोणम्‌मध्ये देशस्थांची वस्ती वाढली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये याच गावात जन्मले. याच काळात इकडे मोरगाव-चिंचवडची गाणपत्य परंपरा ऐन भरात होती, गणपती हे पेशव्यांचं आराध्य दैवत होतं. तरी तंजावरच्या मराठ्यांनी कावेरीकाठी दुसरं मोरगाव उभं केलं नाही. दुसऱ्या सरफोजीराजांनी (राज्यकाल १७९८–१८३२) बृहदीश्वराच्या आवारातल्या गणपतीच्या देवळाचा जीर्णोद्धार केला, आणि १८०३ मध्ये त्याच आवाराच्या भिंतीवर भोसल्यांच्या वंशाचा प्रचंड मराठी शिलालेख कोरवला. देऊळ नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातच राहिलं. गणपतीला तिथून उचलून त्यांनी मुख्य गाभाऱ्यात नेलं नाही. राज्यकर्त्याला नवा देव आणता येतो, पण पाण्याची व्यवस्था आणता येत नाही. ती आधीच चालू असते, आणि सारा तिच्यावरच येतो. मराठ्यांनी गणपतीला ज्या कामावर पाहिलं त्याच कामावर ठेवलं, यात त्यांचा धूर्तपणाही असेल आणि श्रद्धाही.

आणि इकडे दख्खनमध्ये काय झालं? आपल्याकडेही गणपती नदीवर बसला, पण दगड हाती असलेल्या लोकांसारखा. वाईला गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये कृष्णेच्या पात्रालगत ढोल्या गणपती बांधला. देवळाची मागची भिंत नावेच्या नाळेसारखी टोकदार केली, म्हणजे पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं. कथेने नव्हे, चिरेबंदीने पाणी अडवलं. दगडाचा देव बुडाला तरी बिघडत नाही. पूर ओसरला की पुन्हा पूजा सुरू. म्हणूनच आपल्याला विरघळण्याची भीती वाटली नाही, आणि दर भाद्रपदात आपण शाडूचा गणपती करून तो बिनघोर पाण्यात सोडत आलो. देऊळ कायमचं आणि मूर्ती तात्पुरती, हा दगडी मुलखाचा आत्मविश्वास आहे.

इथे शेवटचा आक्षेप उभा राहतो: तमिळनाडूतही विनायक चतुर्थीला घरोघर मातीचे गणपती येतात आणि विहिरीत, नदीत जातात, १९८० च्या दशकापासून तर महाराष्ट्रासारख्या मिरवणुकाही निघू लागल्या. मग ‘ते विरघळू देत नाहीत’ हे कसं? उत्तर असं की दोन्ही प्रकार तिथे शेजारी शेजारी नांदतात, पण कोणता गणपती कशासाठी, याचा गोंधळ नाही. आडी या तमिळ महिन्याच्या अठराव्या दिवशी कावेरीला पाणी चढतं तेव्हा बायका काठावर हळदीचा किंवा मातीचा मुठीएवढा पिळ्ळैयार करतात, त्यावर दूर्वा खोचतात आणि पूजा झाली की नदीला देऊन टाकतात. तो मुठीत वळला जातो, म्हणून मुठीतून सुटतोही. वलंचुळीचा फेस आणि तिरुप्पुरंबियमचे शिंपले राखायचे. आणि कुंभकोणम्‌हून तिरुवैयारूकडे जाणाऱ्या वाटेवरच्या गणपती अग्रहारम गावात चतुर्थीला घरी मूर्ती आणतच नाहीत. सगळं गाव नैवेद्य घेऊन देवळातल्या एकाच महागणपतीकडे जातं. एका खोऱ्यात तीन नियम, आणि प्रत्येक नियम मूर्ती कशाची आहे आणि कोणाची आहे याला धरून.

आपला नियम मोडला तो याच ठिकाणी. शाडू विरघळतो म्हणून विसर्जन होतं. प्लास्टर ऑफ पॅरिस विरघळत नाही, तरी विसर्जन तसंच राहिलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०२० ची सुधारित नियमावली, न्यायालयातले वाद, कृत्रिम हौद, फिरते हौद ही सगळी धावपळ पदार्थ बदलून विधी न बदलल्याची आहे. प्लास्टरची मूर्ती पाण्याला न्यायची नाही, हा नियम वलंचुळीच्या पुजाऱ्याला शिकवावा लागणार नाही. तो विचारील, ती वर्षानुवर्षं टिकते तर राखत का नाही? तिकडचं चित्रही फार सुखाचं नाही. मेट्टूरची दारं उघडण्याची रूढ तारीख १२ जून; ती कोणत्या वर्षी पाळता येईल हे कावळा ठरवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी बिलीगुंडलूला तमिळनाडूचा वाटा १७७.२५ टीएमसी ठरवला, आणि टेलच्या शेतकऱ्याचं लक्ष देवळापेक्षा त्या मोजणीच्या ठाण्याकडे जास्त असतं. गुरू सिंहेत आला की नाशिकला सिंहस्थ आणि कुंभकोणम्‌ला महामहम् भरतो. पुढचा २०२८ मध्ये. कुंभकोणम्‌मधल्या काशी विश्वनाथाच्या देवळात नऊ नद्या कन्यारूपाने उभ्या आहेत, त्यांत आपली गोदावरीही आहे. महामहम्‌च्या दिवशी त्या नऊही जणी महामहम् तलावात उतरतात अशी श्रद्धा आहे, आणि लाखो माणसं भिजतात. सहा किलोमीटरवर मात्र तोच नियम चालू असेल: चिमटीत कापूर, हात वर, आणि थेंबभरही पाणी नाही.